परीक्षा खुली, केंद्र लंडन: सनदी सेवेतल्या गुणवत्तेचं एक प्रकरण (१८५३–१९२२)

१८६९ साली लंडनमध्ये झालेल्या भारतीय सनदी सेवेच्या स्पर्धा परीक्षेत चार भारतीय तरुण उत्तीर्ण झाले. रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्ता आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी हे बंगालचे, तर श्रीपाद बाबाजी ठाकूर मुंबई इलाख्यातले. त्याआधीच्या १४ वर्षांत ही परीक्षा फक्त एका भारतीयाने पार केली होती. दत्त तर गुणानुक्रमे तिसरे आले होते. निकालानंतर सुरेंद्रनाथ आणि श्रीपाद या दोघांची नावं यादीतून काढली गेली. त्यांच्या गुणांबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. परीक्षा घेणाऱ्या लंडनच्या सनदी सेवा आयोगाचं म्हणणं होतं की त्यांचं वय जास्त आहे.

त्या वर्षी उमेदवार १७ ते २१ वयाचा असावा अशी अट होती. सुरेंद्रनाथांचा जन्म नोव्हेंबर १८४८ चा, म्हणजे ते अटीत बसत होते. पण १८६३ मध्ये कलकत्ता विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या अर्जात त्यांचं वय १६ लिहिलेलं होतं. आपल्याकडे तेव्हा चालू वर्ष मोजायची रीत होती. पंधरा पुरी होऊन सोळावं लागलं की मुलगा सोळाचा. लंडनच्या आयोगाने ते १६ पूर्ण धरले आणि हिशेब करून उमेदवार २१ च्या पुढे गेल्याचं ठरवलं. जन्मपत्रिका, कुटुंबाचं म्हणणं, देशातली वय मोजण्याची पद्धत, हे सगळं सांगूनही आयोग ऐकेना. शेवटी प्रकरण क्वीन्स बेंच न्यायालयात गेलं. न्यायालयाचा कल दिसल्यावर आयोगाला माघार घ्यावी लागली आणि दोघांची नावं पुन्हा यादीत आली.

प्रशासनाच्या अभ्यासक्रमात ‘गुणवत्तेवर आधारित भरती’ हा धडा आला की १८५३ चा सनद कायदा, १८५४ चा मेकॉलेंचा अहवाल आणि १८५५ ची पहिली परीक्षा एवढी टिपणं काढून विद्यार्थी पुढे जातात. मला हे प्रकरण त्याहून मोठं वाटतं. जगातल्या अगदी सुरुवातीच्या आधुनिक खुल्या परीक्षांपैकी ही एक. ती प्रामाणिकपणे घेतली गेली, तिच्या उत्तरपत्रिका प्रामाणिकपणे तपासल्या गेल्या, तरीही तिने जवळजवळ ७० वर्षं एका देशातल्या लोकांना त्यांच्याच देशाच्या कारभारापासून दूर ठेवलं. हे कसं जमलं, याची यंत्रणा सुटी करून पाहायला हवी.

वशिल्याकडून परीक्षेकडे

१८५३ पर्यंत कंपनीच्या सनदी नोकऱ्या म्हणजे संचालकांची खासगी मालमत्ता होती. प्रत्येक संचालकाच्या वाट्याला काही नेमणुका येत आणि त्या पुतण्या, भाचे, मित्रांची मुलं यांच्यात वाटल्या जात. निवडलेल्या मुलांना हेलीबरीच्या कॉलेजात काही काळ शिकवून हिंदुस्थानात धाडत. १८३३ च्या सनद कायद्याच्या ८७ व्या कलमाने धर्म, जन्मस्थान, वंश किंवा वर्ण यांमुळे कोणाही एतद्देशीयाला पदापासून वंचित ठेवता येणार नाही, असं जाहीर केलं. कलम कागदावर राहिलं, कारण नेमणूक संचालकाच्या हातात होती आणि संचालकाने कधी कोणा भारतीयाचं नाव सुचवलं नाही. त्याच वर्षी मेकॉलेंनी मर्यादित स्पर्धेची योजना मांडली होती. तीही संचालकांनी हाणून पाडली.

१८५३ च्या कायद्याने संचालकांचा हा अधिकार काढून घेतला. मेकॉलेंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्यात ऑक्सफर्डचे बेंजामिन जोवेट होते, हेलीबरीचे प्राचार्य हेन्री मेलव्हिलही होते. १८५४ च्या अहवालातला मुख्य विचार असा: तरुणपणी जो अभ्यासात समवयस्कांच्या पुढे असतो, तो पुढच्या आयुष्यातही बहुधा पुढेच राहतो. म्हणून उमेदवाराला भारताबद्दल काय माहीत आहे हे तपासू नका, उत्तम सर्वसाधारण शिक्षण झालं आहे का ते तपासा. भारताचे कायदे, इतिहास आणि भाषा निवड झाल्यावर शिकवता येतील.

याच सुमारास मेकॉलेंचे मेहुणे चार्ल्स ट्रेव्हेलियन आणि स्टॅफर्ड नॉर्थकोट यांनी ब्रिटनच्या स्वतःच्या सनदी सेवेसाठी असाच अहवाल लिहिला. तिथे मात्र प्रस्थापितांनी विरोध केला आणि बहुतेक खात्यांत खुली स्पर्धा यायला १८७० उजाडलं. वशिला मोडायचा प्रयोग आधी हिंदुस्थानच्या नोकऱ्यांवर झाला, मग घरी.

या सुधारणेचं मोल कमी लेखू नये. उत्तरपत्रिका तपासणारा उमेदवाराच्या काकांना ओळखत नसतो. एकदा गुणांची बेरीज झाली की ती कोणाला बदलता येत नाही. १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर पहिले भारतीय म्हणून उत्तीर्ण झाले ते याच कारणाने. संचालकांच्या काळात टागोर घराण्याची सगळी श्रीमंती पणाला लावूनही हे झालं नसतं. सत्येंद्रनाथांची पुढची जवळपास सगळी नोकरी मुंबई इलाख्यात झाली. ते मराठी शिकले, तुकोबांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले आणि १८९७ मध्ये साताऱ्याच्या न्यायाधीशपदावरून निवृत्त झाले.

गुणतालिका

आता समितीने आखलेली गुणतालिका पाहू. एकूण गुण ६,८७५. इंग्रजी भाषा, साहित्य आणि इतिहास मिळून १,५००. ग्रीक ७५०, लॅटिन ७५०. फ्रेंच, जर्मन, इटालियन प्रत्येकी ३७५. गणित १,०००. निसर्गविज्ञान ५००, नीतिशास्त्र ५००. संस्कृत ३७५ आणि अरबी ३७५.

लॅटिनच्या निम्मे संस्कृतला. ज्या भाषांत रयतेचे अर्ज येणार होते, ज्यांत सात-बारा आणि फिर्यादी लिहिल्या जाणार होत्या, त्या मराठी, बंगाली, तमिळला प्रवेश परीक्षेत एकही गुण नव्हता. त्या निवडीनंतर शिकायच्या.

समितीने ही तालिका भारतीयांना वगळण्यासाठी रचली असं मी म्हणणार नाही. तिच्या डोळ्यांसमोर ऑक्सफर्ड-केंब्रिजचा पदवीधर होता आणि त्याला जे येतं तेच तिने गुणवत्ता म्हणून मोजलं. मला नेमका हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कोणाच्याही मनात पाप नसताना, केवळ ‘चांगला शिकलेला माणूस’ म्हणून आपल्या ओळखीचा माणूस डोळ्यांपुढे आणला, की परीक्षेची रचना आपोआप त्याच्या बाजूने झुकते.

त्यानंतरचे बदल मात्र इतके निष्पाप नव्हते. सत्येंद्रनाथ उत्तीर्ण झाल्यानंतर थोड्याच काळात संस्कृत आणि अरबीचे गुण, जे मधल्या काळात ५०० पर्यंत वाढले होते, ते पुन्हा ३७५ वर आणले गेले. सत्येंद्रनाथांबरोबर लंडनला गेलेले मनमोहन घोष दोनदा नापास झाले. त्यांनी या बदलाविरुद्ध लेखी आवाज उठवला आणि बॅरिस्टर होऊन परतले. पुढे कितीतरी भारतीय उमेदवार परीक्षेच्या जोडीला बॅरिस्टरीची तयारी करत. लंडनला जायचं म्हणजे घरदार गहाण ठेवण्याइतका खर्च होता. हाती काहीच न घेता परत येणं परवडणारं नव्हतं.

या खर्चात पैशाव्यतिरिक्तही एक रक्कम होती. समुद्र ओलांडला की जात जायची. परतल्यावर प्रायश्चित्त घ्यावं लागे, घेतलं तरी पंगतीत जागा मिळेलच असं नव्हतं. १८६८ मध्ये दत्त आणि गुप्ता घरच्यांना न सांगता जहाजावर चढले. इंग्लंडमधल्या उमेदवारासाठी परीक्षा म्हणजे आगगाडीचा एक प्रवास होता.

वयाची कात्री

गुण, विषय आणि केंद्र या तीन अटींखेरीज चौथी होती वयाची. प्रशासकीय हत्यार म्हणून तिच्याइतकं सोयीचं दुसरं काहीच नव्हतं. १८५५ मध्ये कमाल वय २३ होतं, १८५९ मध्ये २२ झालं, १८६६ मध्ये २१. आणि १८७६ मध्ये भारतमंत्री लॉर्ड सॅलिसबरी यांच्या काळात ते १९ वर आणायचं ठरलं. १८७८ पासून ते लागू झालं.

सरकारकडे कारण होतं, आणि ते पूर्ण खोटं नव्हतं. पदवीधर यावेत म्हणून परीक्षा काढली, पण प्रत्यक्षात लंडनमध्ये खास शिकवणी वर्ग निघाले. वॉल्टर रेन यांचा वर्ग त्यांत नावाजलेला. मुलं विद्यापीठ सोडून तिथे जात, ठरावीक प्रश्नांची उत्तरं घोकत आणि यादीत येत. (सदाशिव पेठेत राहून तयारी करणाऱ्यांना हे चित्र नवं वाटणार नाही.) म्हणून शाळेतून निघालेली मुलंच निवडायची आणि मग त्यांना दोन वर्षं विद्यापीठात ठेवायचं, असा विचार पुढे आला.

भारतीय मुलासाठी याचा अर्थ काय, ते सरळ हिशेबाने काढता येतं. इथला हुशार मुलगा सोळाव्या वर्षाच्या आसपास मॅट्रिक होई. एकोणिसाव्या वर्षाच्या आत लंडनमध्ये ग्रीक-लॅटिन शिकून, परक्या भाषेत, इंग्रज मुलाशी बरोबरी करायची तर त्याला चौदाव्या-पंधराव्या वर्षीच बोटीवर बसवावं लागणार. म्हणजे ज्या वयात त्याची गुणवत्ता अजून त्यालाही कळलेली नाही, त्या वयात बापाने हजारो रुपये, जात आणि मूल पणाला लावायचं. साहजिकच भारतीयांचं यशस्वी होणं जवळजवळ थांबलं.

नियमात कुठेही ‘भारतीय’ हा शब्द नव्हता. वयाची अट सगळ्यांना सारखीच होती.

सुरेंद्रनाथांना १८७४ मध्ये कामातल्या चुकीवरून सेवेतून बडतर्फ करण्यात आलं होतं. त्यांनी या प्रश्नावर देशभर दौरा काढला. उत्तरेत लाहोरपर्यंत आणि नंतर मुंबई, पुणे, मद्रासपर्यंत सभा झाल्या. एका परीक्षेच्या वयोमर्यादेवरून पंजाब, बंगाल, महाराष्ट्र आणि तमिळ मुलखातला शिकलेला माणूस पहिल्यांदा एकाच मागणीच्या अर्जावर सही करत होता. काँग्रेसच्या स्थापनेच्या आठ वर्षं आधीची ही गोष्ट आहे.

सरकारच्या मनात काय होतं, ते खुद्द व्हाइसरॉयनेच लिहून ठेवलं आहे. लॉर्ड लिटन यांनी मे १८७८ मध्ये भारतमंत्र्यांना पाठवलेल्या गोपनीय टिपणात कबूल केलं की भारतीयांच्या अपेक्षा पुऱ्या होणं शक्य नव्हतं. त्यांना सरळ मनाई करायची की फसवायचं, एवढाच पर्याय होता, आणि आपण त्यातला कमी सरळ मार्ग निवडला. लंडनमधली परीक्षा आणि वयात केलेली कपात या दोन्हींची गणना त्यांनी उघडउघड पळवाटांमध्ये केली. हे टिपण पुढे बाहेर आलं आणि दादाभाई नौरोजींनी ते वारंवार सरकारच्या तोंडावर फेकलं.

नामनिर्देशनाचा उपाय

लिटन यांनी तोडगा म्हणून १८७९ मध्ये वैधानिक सनदी सेवा काढली. सनदी जागांपैकी एक षष्ठांशपर्यंत जागा भारतीयांना द्यायच्या, पण परीक्षेने नव्हे. चांगल्या घराण्यातले, सामाजिक प्रतिष्ठा असलेले तरुण प्रांतिक सरकारांनी सुचवायचे. दर्जा आणि पगार मात्र सनदी सेवेपेक्षा कमी.

ही योजना दहा वर्षंही धड चालली नाही. सरदार-जहागीरदारांची मुलं शिकलेली नव्हती किंवा यायला तयार नव्हती. शिकलेल्या वर्गाला ती भीक वाटली. तिच्यातून आलेला अधिकारी कितीही चांगलं काम करो, तो कलेक्टरच्या मर्जीतला म्हणूनच ओळखला जाई. परीक्षेत अन्याय आहे म्हणून परीक्षाच टाळून वरून नेमणुका केल्या, तर अन्याय तसाच राहतो आणि वर नेमलेल्या माणसाची मानही खाली जाते. वशिल्याला दयेचं नाव दिल्याने तो बदलत नाही, हे या प्रकरणातलं माझं सगळ्यात ठाम मत आहे.

१८८६ मध्ये नेमलेल्या एचिसन आयोगाने वैधानिक सेवा बंद करण्याची शिफारस केली. आयोगावर पुण्याचे कृष्णाजी लक्ष्मण नूलकर होते. कमाल वय २३ करावं, हेही आयोगाने सुचवलं. मात्र परीक्षा भारतातही घ्यावी ही मागणी त्याने फेटाळली. त्याऐवजी सेवेचे तीन थर झाले: वर साम्राज्याची सनदी सेवा, खाली प्रांतिक सेवा, त्याखाली दुय्यम सेवा.

या थरांमधून दुसरी एक अडचण पक्की झाली, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. स्पर्धा फक्त दारावर होती. आत शिरल्यावर बढती ज्येष्ठतेने. १८६१ च्या कायद्याने वरच्या जागा सनदी अधिकाऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या होत्या. त्यामुळे पंचवीस वर्षं तालुका चालवलेला, दुष्काळ पाहिलेला मामलेदार डेप्युटी कलेक्टर झाला तरी कलेक्टर होण्याची शक्यता नगण्य होती, आणि त्याच्या डोक्यावर तेविशीतला, मराठीत अडखळणारा असिस्टंट कलेक्टर येऊन बसे. तरुणपणीच्या एका परीक्षेतले गुण पुढची पस्तीस वर्षं पुरवायचे आणि प्रत्यक्ष कामातली गुणवत्ता मोजायची सोयच ठेवायची नाही, ही रचना तेव्हाची. आजही ती पुष्कळशी तशीच आहे.

८४ विरुद्ध ७६

डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. तिथल्या ठरावांत सनदी परीक्षेचा ठराव होताच: परीक्षा इंग्लंड आणि भारतात एकाच वेळी घ्या आणि कमाल वय २३ पेक्षा कमी ठेवू नका. वयाची मागणी काही वर्षांत मान्य झाली. केंद्राची मागणी ३७ वर्षं रखडली.

२ जून १८९३ रोजी ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभागृहाने हर्बर्ट पॉल यांचा समकालीन परीक्षांचा, म्हणजे इंग्लंड आणि भारतात एकाच वेळी परीक्षा घेण्याचा ठराव ८४ विरुद्ध ७६ मतांनी मंजूर केला. दादाभाई तेव्हा सभागृहाचे सदस्य होते. संसदेने ठराव केला म्हणजे काम झालं असं कोणालाही वाटेल. भारत सरकारने प्रांतांची मतं मागवली. मद्रास सोडून सगळ्यांनी विरोध केला आणि ठराव फाइलीत गेला.

विरोधाची कारणं दोन होती. पहिलं, कारभारात इंग्रजांचं प्रमाण अमुक एका मर्यादेखाली जाता कामा नये. हे राजकीय कारण होतं, त्याचा गुणवत्तेशी संबंध नव्हता. दुसरं कारण जास्त अवघड आहे. भारतात परीक्षा घेतली तर मूठभर शिकलेल्या जाती सगळ्या जागा घेतील. मुसलमान, शीख, शेतकरी जाती मागे पडतील, असं सरकार म्हणत होतं. सर सय्यद अहमद खान यांनी १८८७ च्या लखनौच्या भाषणात याच भीतीने स्पर्धा परीक्षेला विरोध केला होता.

इंग्रज सरकारला रयतेचा कळवळा होता म्हणून ते असं बोलत होतं, असं मानायचं कारण नाही. पण सरकारचा हेतू काहीही असो, प्रश्न खरा होता. महाराष्ट्रात तो आधीच विचारला गेला होता. १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी सांगितलं होतं की शेतकऱ्याच्या करातून आलेला पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, प्राथमिक शिक्षण उपाशी राहतं आणि म्हणून सरकारातल्या जवळजवळ सगळ्या वरच्या जागा ब्राह्मणांच्या हाती जातात. परीक्षा पुण्यात घ्या की लंडनमध्ये, ज्याच्या गावात शाळाच नाही त्याला दोन्ही केंद्रं सारखीच दूर. समकालीन परीक्षांची मागणी करणाऱ्या नेत्यांनी या प्रश्नाला पुरेसं उत्तर दिलं नाही. त्यांची मागणी न्याय्य होती, तरी हे म्हणायला हवं.

कोल्हापूर, १९०२

उत्तराचा एक प्रयत्न कोल्हापूर संस्थानात झाला. १८९४ मध्ये शाहू महाराजांनी कारभार हाती घेतला तेव्हा सर्वसाधारण प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० वर ब्राह्मण होते. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने महाराजांनी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांसाठी राखल्या. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे मागास, अशी त्यात व्याख्या होती.

जाहीरनामा सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्यातलं एक साधं कलम मला फार मोलाचं वाटतं. सगळ्या खातेप्रमुखांनी या आदेशानंतर केलेल्या नेमणुकांचं पत्रक दर तीन महिन्यांनी सादर करायचं होतं. धोरण जाहीर करून न थांबता त्याचा परिणाम मोजण्याची यंत्रणा त्याच कागदात घातली होती. लंडनमधल्या सरकारने वयोमर्यादा पुन्हा पुन्हा बदलली, पण त्या बदलाने कोण बाहेर पडलं याचा हिशेब जनतेपुढे ठेवण्याचं बंधन स्वतःवर कधी घातलं नाही.

शिवाय जागा राखणं हा महाराजांचा एकटा उपाय नव्हता. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह, आणि १९१७ मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण. भास्करराव जाधवांसारखा पहिल्या वर्गाचा पदवीधर महाराजांनी १८९५ मध्येच सेवेत आणला होता. आरक्षणामुळे गुणवत्तेशी तडजोड होते, हा आक्षेप तेव्हाही जोरात होता. माझ्या मते कोल्हापुरात गुणवत्ता शोधण्याचं क्षेत्र वाढलं. उमेदवार तयार होण्याची जागा, राहायची खोली आणि दोन वेळचं जेवण हा भरती-धोरणाचाच भाग आहे, हे त्या दरबाराला कळलं होतं.

अलाहाबाद आणि त्यानंतर

१९१२ मध्ये नेमलेल्या इस्लिंग्टन आयोगावर गोपाळ कृष्ण गोखले होते. आयोगाचं काम संपण्यापूर्वीच, फेब्रुवारी १९१५ मध्ये ते गेले. तेव्हा सनदी सेवेत भारतीयांचं प्रमाण सुमारे ५ टक्के होतं, पहिल्या परीक्षेनंतर ६० वर्षांनी. अहवाल १९१७ च्या सुरुवातीला बाहेर आला तोवर महायुद्धाने तो जुना झाला होता, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारतमंत्री माँटेग्यूंनी भारतीयांना कारभारात वाढता वाटा देण्याची घोषणा केल्यावर तर पुरताच.

१९१८ मध्ये रायगडाजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख लंडनच्या परीक्षेत पहिले आले. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती मिळवलेले आणि पुढे केंब्रिजला निसर्गविज्ञान शिकलेले. अशा मुलाला तिथवर पोचायला कुटुंब, शिष्यवृत्ती आणि जहाज लागलं. ज्यांना यातलं एकही मिळालं नाही अशी किती मुलं कोकणात तशीच राहिली, हे कोणत्याही निकालपत्रात सापडणार नाही.

अखेर फेब्रुवारी १९२२ मध्ये अलाहाबादला पहिली परीक्षा झाली. ली आयोगाच्या शिफारशीनंतर १ ऑक्टोबर १९२६ रोजी लोकसेवा आयोग स्थापन झाला. पुढच्या काही वर्षांत भारतीय उमेदवार परीक्षेतून मोठ्या संख्येने येऊ लागले आणि इंग्रज उमेदवार घटले. तेव्हा १९३० च्या दशकाच्या मध्यावर सरकारने इंग्रज पदवीधरांना परीक्षेशिवाय नामनिर्देशनाने घ्यायची सोय केली. ऐंशी वर्षांपूर्वी ज्या परीक्षेला गुणवत्तेची एकमेव कसोटी म्हटलं होतं, ती हवे ते उमेदवार देईनाशी झाल्यावर त्या उमेदवारांपुरती बाजूला ठेवली गेली.

आजचे संदर्भ

स्वतंत्र भारताने परीक्षा ठेवली, आणि योग्य केलं. घटनेने समान संधी आणि मागासांसाठी राखीव जागा एकाच १६ व्या अनुच्छेदात ठेवल्या, हेही योग्य केलं. तरी परीक्षेच्या अटी ठरवणं हे आजही भरतीतलं सगळ्यात मोठं काम आहे आणि सगळ्यात कमी चर्चेचं.

१९७९ मध्ये कोठारी समितीच्या शिफारशींनुसार केंद्रीय नागरी सेवा परीक्षा भारतीय भाषांत लिहिता येऊ लागली. मराठी माध्यमातल्या मुलांना ते दार तेव्हा उघडलं. २०११ मध्ये पूर्वपरीक्षेत सीसॅट हा कलचाचणीचा पेपर आला. इंग्रजी माध्यम आणि अभियांत्रिकीच्या मुलांना तो झुकतं माप देतो, अशी तक्रार वाढत गेली, आंदोलनं झाली, आणि २०१५ मध्ये त्या पेपरला केवळ ३३ टक्क्यांची पात्रता ठेवली गेली. मधल्या चार वर्षांत ज्यांची वयोमर्यादा किंवा संधी संपली, त्यांच्यासाठी तो बदल उशिरा आला. राज्य लोकसेवा आयोगाने २०२२ मध्ये राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचं जाहीर केलं. पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरल्यावर फेब्रुवारी २०२३ मध्ये ती अंमलबजावणी २०२५ पर्यंत पुढे ढकलली गेली.

वर्णनात्मक परीक्षा मला स्वतःला चांगली वाटते. कारभार करणाऱ्या माणसाला चार परिच्छेद नीट लिहिता यायला हवेत. पण त्या वादात एक गोष्ट कोणाकडेच नव्हती: आकडे. जुन्या पद्धतीने किती मुलं मराठी माध्यमातून आली, किती पहिल्या पिढीची पदवीधर होती, किती गडचिरोली-नंदुरबारची आणि किती पुण्या-मुंबईची, याचं नियमित जाहीर पत्रक समोर असतं तर पद्धत बदलल्यावर कोणाचं काय होतं ते पाहता आलं असतं. कोल्हापूरच्या खातेप्रमुखांवर १९०२ मध्ये तिमाही पत्रकाचं बंधन होतं. आयोगाने प्रत्येक निकालासोबत जिल्हा, माध्यम, वय, कितवा प्रयत्न आणि पालकांचं शिक्षण यांचं नावाविना पत्रक प्रसिद्ध करावं, आणि वय, विषय किंवा पद्धतीतला कोणताही बदल करण्यापूर्वी मागच्या पाच वर्षांच्या पत्रकांवर तो पडताळून त्याचा अपेक्षित परिणाम लेखी जाहीर करावा. यासाठी नवा कायदा लागत नाही. अर्जाच्या नमुन्यात यातली बरीचशी माहिती उमेदवार आजही भरतातच.